नुसतं उभं राहण्याचा खेळ

अमेरिकन नाट्यशिक्षिका व्हायोला स्पोलिन यांचं ‘इम्प्रोव्हायझेशन फॉर द थिएटर’ हे पुस्तक १९६३ साली आलं. त्यातला अगदी पहिला खेळ मी पुन्हा पुन्हा वाचतो. ‘एक्स्पोजर’ हे त्याचं नाव. त्यात संवाद नाहीत, गोष्ट नाही, पात्रंही नाहीत. तरीही सातवी ते दहावीच्या मुलांना नाटक शिकवण्याबद्दल मला जे महत्त्वाचं वाटतं, ते बहुतेक सगळं या एका खेळात आहे.

खेळ असा. वर्गाचे दोन गट करायचे. एका गटानं रंगमंचावर ओळीत उभं राहायचं, दुसऱ्यानं समोर बसायचं. समोरच्यांनी यांच्याकडे बघायचं, यांनी त्यांच्याकडे. बाकी काही नाही. थोड्याच वेळात ओळीत चुळबूळ सुरू होते. कुणी या पायावरचा भार त्या पायावर घेतो, कुणी वेणीचं टोक बोटाला गुंडाळते, कुणाला हसू आवरत नाही, तर कुणी शाळेच्या कवायतीसारखं ताठ होऊन भिंतीकडे टक लावतं. हातांचं करायचं काय, हे कुणालाच कळत नाही. शिक्षकानं मध्ये पडायचं नाही. ओळीतलं प्रत्येक मूल अवघडलेलं दिसेपर्यंत थांबायचं. मग एक साधं काम द्यायचं: खुर्च्या मोजा, नाहीतर जमिनीच्या फळ्या मोजा. मुलं मोजू लागतात आणि मघाचे अवघडलेले हात नकळत जागेवर येतात. खांदे उतरतात, चेहरे निवळतात. ते अवघडलेपण पुरतं जाईपर्यंत मोजणं चालू ठेवायचं आणि मग गटांची अदलाबदल करायची.

या खेळाची रचना एखाद्या नेटक्या एकांकिकेसारखी आहे. आधी पेच पडतो, तो वाढू दिला जातो आणि ऐन वेळी सुटतो. सभाधीटपणावर व्याख्यान देण्याच्या भानगडीत स्पोलिन पडत नाहीत. त्या मुलाला भीती भोगू देतात, आणि ती कशानं गेली तेही त्याच्याच अंगाला कळू देतात.

काम फळ्या मोजण्याचं आहे, ही तर फार मोठी खुबी. फळ्या मोजण्याचा अभिनय करायची गरजच पडत नाही. फळ्या मोजायच्या असतात, एवढंच. त्यात सुंदर दिसणं नाही, चुकणं नाही, वाहवा नाही. लक्ष स्वतःवरून उठतं आणि बाहेरच्या वस्तूवर जाऊन बसतं. पुढचे सगळे खेळ याच तत्त्वावर उभे आहेत: प्रत्येक खेळात खेळाडूचं लक्ष कुठे असायला हवं, ते नेमकं ठरवून दिलेलं असतं.

बारा ते पंधरा वर्षांच्या मुलांना हे लागू पडतं, त्याला कारण आहे. लहान मूल काठीचा घोडा करतं, तेव्हा त्याला कुणाची भीड नसते. आठवीतल्या मुलाचा आवाज फुटलेला असतो, उंची अचानक वाढलेली असते आणि सगळा वर्ग आपल्याकडेच बघतोय असं त्याला सारखं वाटत असतं. त्याला “लाजू नकोस, मोकळा हो” म्हटलं की त्याची नजर आणखीच स्वतःकडे वळते.

समोर बसलेल्यांचंही शिक्षण चाललेलं असतं. अवघडून उभं राहणं आणि काही करत उभं राहणं यांतला फरक त्यांना डोळ्यांनी दिसतो. खेळानंतरची चर्चाही तशीच जपून केलेली. घाबरलो होतो, हे मुलं चटकन कबूल करत नाहीत. म्हणून प्रश्न शरीराबद्दल विचारायचे: पोटात काय होत होतं, मान कशी होती? त्याची उत्तरं द्यायला कमीपणा वाटत नाही.

या शहाणपणामागे अनुभव आहे. स्पोलिन शिकागोच्या हल हाउस या समाजसेवा केंद्रात नेव्हा बॉइड यांच्याकडे खेळांमधून शिकवण्याची पद्धत शिकल्या. पुढे त्याच शहरात स्थलांतरितांच्या वस्त्यांमधल्या मुलांबरोबर त्यांनी काम केलं. घरोघरी वेगळी भाषा. तिथे लांबलचक समजावणी चालणार नव्हती, खेळाचा नियम मात्र सगळ्यांना कळत होता.

पुस्तकातला आणखी एक खेळ रस्सीखेचीचा, पण रस्सी नसलेला. सुरुवातीला मुलं जोर लावल्याचं दाखवतात: चेहरे वेडेवाकडे, मुठी घट्ट मिटलेल्या. बाजूला उभा असलेला शिक्षक खेळ न थांबवता ओरडतो, “दोरी बघा!” आणि मुठी किंचित उघडतात, दोरीच्या जाडीपुरती जागा त्यांत होते. टाचा रुततात, आणि एका बाजूचा तोल गेला की ती सगळी रांग एकदमच पुढे ओढली जाते. ही साइड कोचिंगची रीत मला स्पोलिन यांची सर्वांत मोठी देणगी वाटते. शिक्षक चूक दाखवत नाही, शाबासकीही देत नाही; फक्त लक्ष जागेवर आणतो. शाबासकी आणि नापसंती या दोन्हींच्या ओढीत मूल स्वतःचं बघणं गमावतं, हे त्यांनी पुस्तकाच्या आरंभीच बजावलं आहे.

आपल्या स्नेहसंमेलनांत बहुधा उलट घडतं. “इथे रड, इथे हात वर कर” असं सर करून दाखवतात आणि मूल त्याची नक्कल करतं. वेगळी वाटही आपल्याकडे होती. सुलभा देशपांडे दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या, तेव्हा आपल्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी विजय तेंडुलकरांना नाटकं लिहायला सांगितली. आधी मुलं आणि मग संहिता, हा क्रम मला मोलाचा वाटतो.

नुसत्या खेळांनी नाटक उभं राहत नाही. वाक्यं पाठ करावीच लागतात, ती स्वच्छ ऐकूही जावी लागतात. पण फळ्या मोजण्याचा धडा संहितेपर्यंत नेता येतो. “मी उद्यापासून शाळेत येणार नाही,” हे वाक्य नववीतल्या मुलीला दुःखी होऊन म्हणायला सांगितलं, तर ती सूर लावते. तेच वाक्य गणवेशाची नीट घडी घालता घालता म्हणायला सांगावं आणि बाही आत दुमडली गेली आहे ना, तेवढं बघायला सांगावं. सूर आपोआप जातो आणि वाक्य ऐकू येऊ लागतं. म्हणून तालमीत कुणी अडलं, की “तुला काय वाटतंय?” याआधी “तू आत्ता काय करतोयस?” असं विचारावं. त्याला उत्तर देता आलं नाही, तर उणीव आपल्या शिकवण्यात आहे: त्याला भावना सांगितली गेली, काम द्यायचं राहून गेलं.