१८९० च्या पुढे

आमच्या वाचनगटासाठी अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीच्या इतिहासावरील पुस्तके निवडताना मला एक साम्य खटकले. फ्रेडरिक जॅक्सन टर्नर यांनी १८९३ मध्ये शिकागोत वाचलेल्या निबंधात, पश्चिमेकडे सरकत गेलेल्या वसाहतींतून अमेरिकी लोकशाही घडली, असे मांडले. सरहद्दीची रेषा उरली नाही, ही १८९० च्या जनगणनेतील नोंद त्यांचा आधार. डी ब्राउन यांचे ‘बरी माय हार्ट ॲट वूंडेड नी’ (१९७०) तीच कथा पराभूतांच्या बाजूने सांगते; तेही डिसेंबर १८९० च्या हत्याकांडापाशी संपते. एकाकडे गौरव, दुसऱ्याकडे शोक. पूर्णविराम मात्र एकाच जागी. ब्राउन वाचून गट हळहळेल आणि मूळ रहिवासी तेव्हाच संपले, असे समजून पुस्तक मिटेल, ही माझी भीती. म्हणून तिसरे पुस्तक मी पॅट्रिशिया नेल्सन लिमरिक यांचे ‘द लेगसी ऑफ कॉन्क्वेस्ट’ (१९८७) निवडले. जमीन, पाणी, खनिजे यांवरील हक्काचे तंटे विसाव्या शतकातही मिटलेले नाहीत, हे त्या दाखवतात. ब्राउनइतके हे पुस्तक हेलावून सोडत नाही. तरीही वाचनाचा शेवट त्यानेच व्हावा, असे माझे मत आहे.