धारूरचा तट आणि एक उसने वाक्य

मराठवाड्यातील किल्ल्यांवरची मराठी पुस्तके चाळली की धारूरपाशी एक वाक्य वारंवार भेटते : किल्ला मूळचा राष्ट्रकूटांचा, नाव महादुर्ग. वाक्य या पुस्तकातून त्या पुस्तकात जाते. डोंगरावरचा कोणता दगड त्याला साक्ष आहे, हे मात्र सहसा लिहिलेले नसते. माझी तक्रार राष्ट्रकूटांबद्दल नाही, नोंदीच्या या सवयीबद्दल आहे.

विजापूर दरबारी बसून इतिहास लिहिणारा फिरिश्ता सांगतो की, पहिल्या अली आदिलशहाचा सरदार किश्वरखान याने धारूरला किल्ला उभारला. काळ १५६७ च्या सुमाराचा. पुढे लवकरच निजामशाही फौजेने तो घेतला, किश्वरखान मारला गेला. १६३१ मध्ये तो मोगलांकडे गेला. पण ‘उभारला’ म्हणजे मोकळ्या डोंगरावर, की जुन्या पडक्या तटावर? हे बखरी-तवारिखा सांगणार नाहीत. तटालाच विचारावे लागेल.

इथेच आपली गफलत होते. तटात कोरीव दगड दिसला की आपण अख्खा तट यादवांच्या किंवा त्याहून मागच्या काळात नेऊन बसवतो. वास्तविक तो दगड एवढेच सांगतो की, हे बांधकाम देवळानंतरचे आहे. जुनेपणाचा पुरावा म्हणून दाखवला जाणारा दगड बहुधा उलटीच साक्ष देत असतो! खरी साक्ष पायाच्या थरांत असते. घडाई कुठे बदलते, चुना कुठून सुरू होतो, दोन बांधकामांमधला उभा सांधा कुठे आहे, जंग्या मूळच्या की मागाहून फोडलेल्या, हे जागेवर मोजून लिहावे लागते. नुसत्या छायाचित्राने भागत नाही.

जागेचेही तसेच. आमच्या भूमशेजारचा परंडा सपाटीवरचा, त्याला चहूबाजूंनी खंदकाचा आधार. धारूरला तीन बाजू दरीने राखल्या आहेत. सारा खर्च गावाकडच्या एका बाजूवर, तिथेच खंदक. आज्ञापत्रातले दुर्गप्रकरण वाचलेल्याला ही निवड लगेच उमगेल.

मुंबई इलाख्यातल्या किल्ल्यांची इंग्रजांनी १८६२ मध्ये पाहणी केली. हेतू लष्करी होता, तरी पाणी आहे का, तट कितपत ढासळला, हे त्यांनी टिपले आणि गॅझेटिअरांत ते उतरले. आपला भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. हैदराबादच्या पुरातत्त्व खात्याने १९१४ पासून काम केले, याझदानींसारखा जाणकार त्याला लाभला. पण ते अहवाल इंग्रजीत, मराठी किल्लेलेखनात फारसे मुरलेच नाहीत. सह्याद्रीच्या गडांवर कपाटे भरतील एवढे लिहिले गेले, बालाघाटाच्या वाट्याला उसनी वाक्ये आली.

यात घाईचे कारण आहे. डागडुजीत दरजा सिमेंटने भरल्या की दोन काळांमधला सांधा कायमचा बुजतो. मग किश्वरखानाच्या आधी तिथे काही होते की नव्हते, हे तपासायला जागाच उरत नाही. पावसाळा सरून गवत वाळले की, दुरुस्तीचा गवंडी चढण्याआधी, मोजपट्टी आणि ओळंबा घेऊन गावाकडच्या तटापासून सुरुवात करावी.