इम्युनोथेरपी कोणाला लागू पडेल? 'प्रेडिक्टिव्ह' शब्द लिहिण्याआधी

इम्युनोथेरपीवरचे पेपर वाचायला घेतलेत की 'प्रेडिक्टिव्ह बायोमार्कर' हा शब्द पानोपानी भेटतो. सिनॉप्सिसमध्ये तो छानही दिसतो. पण तो वापरण्याआधी मुंबईच्या टाटा मेमोरियलचा एक पेपर नीट वाचा: डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाश आणि सहकाऱ्यांचा, 'जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी', २०२३.

प्रश्न आपल्याकडचाच आहे. डोकं-मानेच्या कॅन्सरमध्ये (तंबाखूमुळे होणारा तोंडाचा कॅन्सर यातच येतो) निव्होलुमॅब साधारणपणे दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम देतात. ते बहुतेकांना परवडत नाही. मग दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम दिलं तर? एकूण १५१ रुग्ण. एका गटाला मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब ही तोंडाने घ्यायची औषधं. दुसऱ्याला तीच औषधं, वर हा कमी डोस. एक वर्ष जगणाऱ्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं.

काम मोलाचं आहेच. पण वाचताना दोन गोष्टी सोडू नका. पहिली, इथे तुलना पूर्ण डोसशी नाही. म्हणून '२० मिलिग्रॅम २४० इतकंच चालतं' असा निष्कर्ष यातून काढता येत नाही. दुसरी, औषध मिळूनही निम्म्याहून जास्त रुग्ण वर्षभरात गेले. हे आकडे अख्ख्या गटाचे आहेत. फायदा नेमका कोणाला झाला, हे त्यांतून कळत नाही. बायोमार्करची गरज लागते ती इथे.

आता समजा, तुम्ही औषध घेतलेल्याच रुग्णांत पीडी-एल१ तपासलं. ज्यांच्यात ते जास्त, ते जास्त जगले. मार्कर प्रेडिक्टिव्ह ठरला का? नाही. औषध न घेतलेल्यांतही तसंच दिसलं, तर तो मार्कर फक्त आजाराचा स्वभाव सांगतो. तो प्रोग्नॉस्टिक. प्रेडिक्टिव्ह म्हणायचं तर मार्करनुसार औषधाचा फायदा बदलतो, हे दाखवावं लागतं. त्यासाठी दोन्ही गट हवेत.

कीनोट-०४८ या मोठ्या ट्रायलमध्ये (लॅन्सेट, २०१९) तुलनेचा गट होता. पीडी-एल१ मोजायचा सीपीएस स्कोअर २० किंवा जास्त असणाऱ्यांत पेम्ब्रोलिझुमॅबवर मध्यक आयुष्य १४.९ महिने, जुन्या उपचारावर १०.७. स्कोअर १ किंवा जास्त असणाऱ्यांत १२.३ आणि १०.३. फरक वाढताना दिसतो, म्हणजे दिशा बरोबर आहे. पण थांबा, '१ किंवा जास्त'मध्ये '२० किंवा जास्त'वाले आधीच मोजलेले आहेत! मधल्या, म्हणजे १ ते १९ स्कोअरवाल्यांचं काय, हे या दोन ओळींतून कळत नाही. असले प्रश्न विचारायची सवय लावा.

सोलापूर जिल्ह्यात बसून हे कशाला, असं वाटेल. बार्शीला १९८७ पासून ग्रामीण कॅन्सर रजिस्ट्री आहे, भारतातली पहिली. गावागावातून नोंदी गोळा करायची परंपरा आपल्या दारातच आहे. पण रजिस्ट्री कोणाला कुठला कॅन्सर झाला ते सांगते. मार्करसाठी जपून ठेवलेला बायॉप्सीचा ब्लॉक आणि उपचाराची पूर्ण नोंद लागते. तुम्हाला एकाच हॉस्पिटलचे, एकच उपचार घेतलेले पन्नास रुग्ण मिळाले, तर सरळ 'संबंध आढळला' असं लिहा. कट-ऑफ स्वतःच्याच डेटातून काढला असेल, तर तो दुसऱ्या रुग्णांवर तपासा.

हा शब्दांचा कीस नाही. कच्च्या मार्करने 'निगेटिव्ह' ठरवलेल्या बिडी कामगार बाईला उपयोगी पडलं असतं ते औषध मिळत नाही. 'पॉझिटिव्ह' ठरवलेल्याच्या घरचे शेत विकतात आणि औषध लागूच पडत नाही. पुढचा पेपर उघडाल तेव्हा आधी एवढंच शोधा: औषध न घेतलेल्यांत हा मार्कर काय करतो? उत्तर नसेल, तर शीर्षकात काहीही असो, तुमच्या वहीत 'प्रेडिक्टिव्ह' लिहू नका.