‘ईक आउट’ : कर्माचा विवेक

इंग्रजीत क्रियापदास अव्यय जोडून जे प्रयोग सिद्ध होतात, त्यांत ‘ईक आउट’ हा विरळा होय. दुष्काळी प्रदेशाविषयी इंग्रजीत लिहिणारे अभ्यासक मात्र त्याचा सढळ उपयोग करतात. शेतकरी ‘ईक आउट अ लिव्हिंग’ करतात, असे लिहिले की कसाबसा चाललेला चरितार्थ सांगून झाला, अशी समजूत असते. ती तपासून पाहणे अगत्याचे आहे.

‘ईक’ या जुन्या धातूचा अर्थ वाढविणे. ‘निकनेम’ म्हणजे मूळ नावावर घातलेली भर. तेथेही हाच शब्द दडलेला आहे. हे ध्यानी घेऊन फाउलर यांनी १९२६ च्या आपल्या ग्रंथात असा निर्णय दिला की, या क्रियापदाचे कर्म मूळचा अपुरा साठा हे असावे. साधलेले फळ नव्हे. मिळकत ‘ईक आउट’ करता येते, ‘लिव्हिंग’ नव्हे. मराठीतही धान्य पुरवून खाता येते. चरितार्थ पुरवून खाल्ला, असे कोणी म्हणत नाही.

तथापि फलवाचक कर्माचा प्रयोग एकोणिसाव्या शतकापासून रूढ आहे व आजचे कोश त्याची नोंद करतात. त्यास अशुद्ध म्हणणे आता टिकणारे नाही. खरा आक्षेप निराळा आहे : त्या प्रयोगाने मूळ साठा कोणता व भर कशाची, हे दोन्ही प्रश्न झाकले जातात.

शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाची हॅरॉल्ड मॅन व ना. वि. कानिटकर यांनी केलेली पाहणी १९२१ साली प्रसिद्ध झाली. केवळ जमिनीवर निभावणारी, बाहेरच्या मजुरीची जोड मिळाल्याने निभावणारी, आणि ती जोड असूनही न निभावणारी, असा कुटुंबांचा भेद तीत केलेला आहे. काटेकोर अर्थाने ‘ईक आउट’ लागू पडते ते दुसऱ्या वर्गास. तिन्ही वर्गांस एकच ‘ईक आउट अ लिव्हिंग’ लावल्यास पाहणीचे सारच नाहीसे होते.

म्हणून शोधनिबंधात कर्मस्थानी जमिनीचे उत्पन्न ठेवावे आणि ‘विथ’ या अव्ययाने भर सांगावी. कर्म सर्वनाम असेल तर ते मध्ये येते : ‘ईक इट आउट’. भर कशाची हे सांगता येत नसेल, तर दोष भाषेचा नसून माहितीचा आहे, असे समजावे.