ध्वनिफितीची पाठचिकित्सा

मराठीत लोकगीतांच्या संग्रहांची परंपरा मोठी आहे. साने गुरुजींचे 'स्त्री जीवन' असो की सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीसाठी सिद्ध केलेली पुस्तके, ही सारी परंपरा कानाने ऐकून हाताने लिहिण्याची आहे. कॅसेट आल्यावर तिच्यात मधला एक टप्पा शिरला. गाणे आधी फितीवर भरून घ्यायचे आणि मग घरी बसून, पुन्हा पुन्हा मागे नेऊन, वहीत उतरवायचे. वहीवरून पुस्तक झाले की फीत कपाटाच्या तळाशी जाते. तिला आपण कच्चा खर्डा मानत आलो आहोत.

माझे म्हणणे असे की फीत ही पोथी आहे आणि ती वाजवणारा डेक हा त्या पोथीचा वाचक आहे. पोथीच्या लेखनिकाची नजर कशी होती याची चौकशी आपण करतो. डेकची मात्र कोणी करीत नाही. कॅसेटवर लिहिणाऱ्या जाणत्या अभ्यासकांकडूनही ही बाजू निसटते. पीटर मॅन्युएल यांचे 'कॅसेट कल्चर' (१९९३) हे पुस्तक भारतातल्या कॅसेट उद्योगाबद्दल अजूनही पहिल्यांदा वाचावे असेच आहे. बड्या कंपनीची मक्तेदारी मोडून प्रादेशिक संगीताला बाजार कसा मिळाला, हे त्यात सविस्तर येते. पण त्या पुस्तकाचे लक्ष कॅसेट कोणी काढली, कोणी विकली, कोणी ऐकली याकडे आहे. ती कशावर वाजली आणि त्यामुळे नेमके काय ऐकू आले, हा प्रश्न त्याच्या कक्षेत येत नाही. माझ्यासाठी मात्र तोच पहिला ठरला, कारण मी घिवलीत जुने डेक दुरुस्त करतो आणि आसपासच्या घरांतल्या लग्नाच्या, हळदीच्या कॅसेटी संगणकावर उतरवून देतो.

घिवली समुद्रावर आहे. इथल्या खाऱ्या हवेत डेक मरतो तो ठरलेल्या क्रमाने. आधी रबरी बेल्ट सैल पडतो, मग काकवीसारखा वितळून पुलीला चिकटतो. रबरी रोलर कडक होतो. ग्रीस सुकते. सगळ्यात वाईट म्हणजे कॅप्स्टनवर, फितीला ठरल्या वेगाने ओढणाऱ्या त्या बारीक दांडीवर, गंजाचे ठिपके येतात. बेल्ट नवा मिळतो, ग्रीस काढून नवे भरता येते, हेड स्पिरिटने पुसता येते, त्यात साचलेले चुंबकत्व काढता येते. कॅप्स्टनवर खड्डा पडला असेल तर प्रत्येक फेरीला स्वर थरथरतो. मग दुसऱ्या मेलेल्या डेकची दांडी शोधावी लागते. एवढे झाल्यावर डेक वाजू लागतो आणि बहुतेक लोक इथेच थांबतात. संशोधनाच्या दृष्टीने काम इथून पुढे सुरू होते.

पहिली बाब हेडच्या कोनाची. हेडमधली वाचणारी चीर फितीला अचूक काटकोनात असावी लागते. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते, म्हणजे ६००० हर्ट्झच्या स्वराची एक लाट फितीवर जेमतेम आठ मायक्रॉनची जागा घेते. मोनो रेकॉर्डरचा पट्टा दीड मिलिमीटर रुंद असतो. गणित केले तर दिसते की हेड पाव अंश जरी कलले, तरी ६००० हर्ट्झचा आवाज एक पंचमांशावर येतो. गाणे ऐकू येत राहते, चाल कळते, बाई कोण गाते आहे तेही ओळखता येते. जाते ते 'स'. 'स'चा सीत्कार चार हजार हर्ट्झच्या वर राहतो, आणि तो कापला गेला की उरते ती श्वासाची फुंकर. म्हणजे जवळजवळ 'ह'.

उत्तर कोकणात हे भलतेच अडचणीचे आहे. इकडच्या काही बोलींत प्रमाण मराठीतल्या 'स'च्या जागी खरोखरच 'ह' येतो. तेव्हा हळदीच्या रात्री भरलेल्या एका कॅसेटवर 'हांग' ऐकू आले, तर ते गाणाऱ्या बाईचे आहे की कललेल्या हेडचे? माझ्याकडे आलेल्या अशाच एका कॅसेटसोबत, फार पूर्वी कोणी उतरवून घेतलेली वहीही होती. वहीत सर्वत्र 'सांग' होते. उतरवणाऱ्याने 'ह' हा यंत्राचा दोष मानून दुरुस्त केला, की त्याला खरेच 'स' ऐकू आला, हे वही सांगत नाही.

नुसता प्रमाण टेपवर जुळवलेला डेक इथे उपयोगी पडत नाही, हे मुद्दाम सांगायला हवे. डेक दुरुस्त करणारे दहा हजार हर्ट्झच्या प्रमाण टेपवर हेड बसवतात आणि स्क्रूवर लाखेचा ठिपका ठेवतात. बाजारातून आणलेल्या कॅसेटसाठी ते योग्य आहे. पण ही कॅसेट ज्या रेकॉर्डरवर भरली त्याचेच हेड वाकडे होते. वाकड्या लेखणीने लिहिलेली पोथी वाचायला वाचकाने मान तेवढीच कलती करायला हवी. म्हणून मी लाख फोडतो, डावा-उजवा आवाज एकत्र करून मोनोत ऐकतो आणि जिथे वरचे स्वर सर्वांत भरून येतात तिथे स्क्रू थांबवतो. अर्थात हेही कानाचेच काम आहे आणि कानाला जे हवे असते ते ऐकू येते. त्यासाठी साक्षीदार लागतो. त्या कॅसेटवर तो होता: धवला म्हणणाऱ्या बायकांच्या काचेच्या बांगड्या. त्यांची किणकिण 'स'च्याही वर जाते. स्क्रू जागेवर आला तशी किणकिण लख्ख झाली आणि एका ठिकाणी कोणा पुरुषाने मध्येच बोललेला 'सोड' धारदार ऐकू आला. 'हांग' मात्र 'हांग'च राहिला. तो बोलीचा होता.

वेगाची गोष्ट याहून चिवट आहे. डेकचा वेग तीन हजार हर्ट्झच्या टेपवर बरोबर करता येतो. वेगात सहा टक्क्यांच्या आसपास फरक पडला तर अर्ध्या स्वराचा घोटाळा होतो, काळी एकचे गाणे पांढरी दोनमध्ये जाते. पण गाणे भरताना मूळ रेकॉर्डरचा वेग काय होता? पेटी साथीला असेल तर काहीसा आधार मिळतो. धवल्यांना पेटी नसते. तारप्याचीही मदत नाही, कारण प्रत्येक तारप्याचा स्वर त्याच्या भोपळ्याबरोबर बदलतो. मग उरते फितीत नकळत भरली गेलेली विजेची गुणगुण. ती ५० हर्ट्झची असायला हवी. तारापूरचे अणुऊर्जा केंद्र १९६९ पासून आमच्या शेजारी आहे, पण वीज दाराशी तयार होत असली तरी गुणगुण साऱ्या पश्चिम ग्रिडची असते. आणि त्या दशकांत ग्रिड ४९ हर्ट्झच्या खाली घसरणे नवलाचे नव्हते. म्हणजे दोन-तीन टक्क्यांची अनिश्चितता हिशेबात धरावीच लागते.

रेकॉर्डर सेलवर चालला असेल तर हाही दुवा तुटतो आणि भलताच भास तयार होतो. सेल उतरत गेले की भरताना फीत मंद होत जाते. तीच फीत बरोबर वेगाने वाजवली की गाणे हळूहळू चढत जाते. ऐकणाऱ्याला वाटते, बायका रंगात आल्या. त्या खरोखर रंगात येतातही, वाद्याशिवाय गाणारा मेळ पट्टी सोडून वर सरकतो हे कोणीही लग्नघरात ऐकले असेल. फरक ओळखायची एक खूण आहे. सेलमुळे चढलेल्या गाण्यात स्वर आणि लय यांची वाढ एकाच प्रमाणात होते. माणसांकडून हे प्रमाण इतके काटेकोर पाळले जात नाही. पट्टी आणि लय यांवरून गाणाऱ्यांच्या भावावस्थेबद्दल काही लिहिण्याआधी हा साधा हिशेब करायला हरकत नसावी.

बाकीच्या गोष्टी लवकर आटोपतात. डॉल्बीचे बटण घरगुती कॅसेटला बंद ठेवावे, नाहीतर वरचे स्वर आणखी दबतात. बायस जुळवण्याचा प्रश्न नवे भरतानाच येतो, वाजवताना नाही.

खरी तक्रार हल्लीच्या 'स्वच्छ' प्रतींबद्दल आहे. फीत जशी मिळाली तशी वाजवायची, संगणकावर घ्यायची आणि मग एका झटक्यात खरखर पुसायची, ही पद्धत रूढ झाली आहे. त्या पुसण्यात गुणगुण जाते, बांगड्या अर्ध्या जातात. पाठ ठरवायला ज्या साक्षी हव्यात त्याच कचरा म्हणून बाहेर पडतात आणि फोनवर फिरते ते गुळगुळीत, कदाचित अर्धा स्वर चढलेले गाणे. गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर यांनी उभ्या केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहाचे मोल मला यामुळेच वाटते. तिथे अनेक ओव्यांच्या शब्दांशेजारी आवाजही ठेवलेला आहे, वाचकाला स्वतः ऐकून ताडून पाहता येते.

पाठ जपण्याच्या दोन रीती आपल्याकडे आहेत. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली आणि एक प्रत लोकांच्या हाती दिली. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत सुखठणकरांनी दुसरी वाट घेतली. निवडलेला पाठ वर, पाठभेद खाली, आणि जिथे खात्री नाही तिथे अक्षरांखाली नागमोडी रेघ. गावातल्या लोकांना ऐकायला मी पहिल्या रीतीची प्रत देतो, त्यांना आपल्या आजीचा आवाज हवा असतो, तळटीप नको असते. पण मूळ उतरवलेली प्रत न पुसता वेगळी ठेवतो आणि तिच्याबरोबर एक कागद असतो: डेक कोणता, हेड कुठे थांबवले, वेग कशावरून ठरवला, साक्ष कोणती.

त्याच घरातून आलेल्या दुसऱ्या कॅसेटवर एकच म्हातारी गाते. बांगड्या नाहीत, दुसरे कोणी बोलत नाही, रेकॉर्डर सेलवर होता. तिच्या एका धवल्यातल्या चार शब्दांखाली मी नागमोडी रेघ ओढून ठेवली आहे.