'नटरंग'मधील अभिनयदिग्दर्शन

आनंद यादव यांच्या 'नटरंग' कादंबरीवरील रवी जाधव दिग्दर्शित चित्रपट २०१० साली प्रदर्शित झाला. राजाची भूमिका करू इच्छिणाऱ्या गुणा कागलकरास फड उभा राहावा म्हणून नाच्या व्हावे लागते. त्याची कुचंबणा कादंबरीकारास निवेदनातून सावकाश उलगडता येते. पडद्यावर तो भार नटाच्या देहावर पडतो. अतुल कुलकर्णी यांनी आधी भरदार व पुढे सडसडीत शरीर कमावले, त्याचेच कौतुक अधिक झाले. आमच्या मते दिग्दर्शकाचे खरे कसब रंगमंचावरील मुरडती चाल आणि घरातील अवघडलेले मौन यांतील अंतर राखण्यात आहे. मात्र देहाच्या पालटास जेवढा अवकाश मिळाला, तेवढा मनातील शरमेस मिळालेला नाही. कादंबरी वाचलेल्यास ही उणीव विशेष जाणवते.