साचा बरोबर, निरोप चुकीचा

आरोग्य-संवाद हा विषय पदव्युत्तर वर्गात शिकवताना एक जुना प्रश्न हमखास सांगितला जातो. १९५० च्या दशकात अमेरिकेत क्षयरोगासाठी छातीची एक्स-रे तपासणी फुकट आणि घराजवळ मिळत होती. तरी लोक येत नव्हते. का? हॉखबॉम, रोझेनस्टॉक आदी मानसशास्त्रज्ञांनी त्यावर 'आरोग्य-श्रद्धा प्रतिमान' मांडले. रोग आपल्याला होऊ शकतो, तो गंभीर आहे, उपायाचा फायदा आहे आणि अडथळे त्यामानाने लहान आहेत, असे वाटले की माणूस कृती करतो. जोडीला काही निमित्त घडावे लागते. मांडणी सुटसुटीत आहे. बीड जिल्ह्यात मात्र ती अडखळते. कशी, ते पाहू.

दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बीडमधील हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर २०१९ साली विधिमंडळात चर्चा झाली आणि शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. म्हणजे साधारण सहा जणींत एक. अंगावरून पांढरे जाते म्हणून दवाखान्यात गेलेल्या कित्येकींना पिशवी खराब झाली आहे, ठेवली तर कॅन्सर होईल, असे सांगण्यात आले होते.

आता हे सांगणे प्रतिमानाला लावून पाहा. धोका तुम्हालाच आहे, रोग भयंकर आहे, पिशवी काढली की कटकट मिटली. आणि शब्द डॉक्टरांचा! सारे घटक हजर आहेत. वास्तविक पांढरे जाण्यामागे बहुधा जंतुसंसर्ग असतो व तो औषधांनी बरा होतो. शस्त्रक्रियेत अंडाशयही काढले तर ऐन तिशीत रजोनिवृत्ती येते, हाडे ठिसूळ होतात. वर्तन बदलले की नाही एवढेच मोजणाऱ्या सिद्धांताला खरा निरोप आणि खोटा निरोप यांतला फरक दिसत नाही, हा आमचा पहिला आक्षेप.

दुसरा आक्षेप अडथळ्यांबद्दल. प्रतिमानात ते माणसाला 'वाटणारे' असतात. फडात नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. उचल आधीच घेतलेली असते. खाडा झाला की मजुरी बुडते, वर दंड बसतो. कोपीपाशी संडास नाही, पुरेसे पाणी नाही. तेथे पाळीतील स्वच्छतेचे पत्रक वाटून काय साधणार? हे अडथळे तिच्या मनातले नाहीत, मुकादमाच्या वहीतले आहेत.

म्हणून सिद्धांत टाकाऊ ठरत नाही. 'लोक अडाणी आहेत' असे म्हणण्याऐवजी 'लोक का येत नाहीत' असे विचारायला त्याने शिकवले. पण सांगणारा कोण, हेही विचारायला हवे. बीडच्या सीमेलगत जामखेडला रजनीकांत व मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० पासून गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. अशा बाईला शस्त्रक्रियेतून मिळकत नसते, आणि शेजारणीच्या घरात पाणी किती आहे हे तिला ठाऊक असते.

शाळेच्या फलकावर आरोग्याचे भित्तिपत्रक लागते, तेव्हा मुलांकडून ते केवळ पाठ करून घेऊ नये. त्यांना तीन प्रश्न विचारू द्यावेत: हे खरे कशावरून? हे सांगण्यात कुणाचा लाभ आहे? आणि माझ्या आईला हे करणे जमेल का? ज्या वर्गातली निम्मी मुले दिवाळीनंतर आईबापांबरोबर फडावर जातात, तेथे तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे शिक्षकांनी लिहून ठेवावीत. पदव्युत्तर अभ्यासक्रमाला त्यांचीच गरज आहे.